शाळा जबलपूरची, दाखला विट्याचा

जबलपूरचा कमानिया दरवाजा 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभा आहे आणि त्याच्या आसपास सराफा पसरला आहे. रस्त्यावरून दिसतात ती काचेची दुकानं. सराफ्याचं निम्मं काम मात्र मागच्या बोळांत, जिन्याखालच्या खोल्यांत, माळ्यांवर चालतं. तिथे भट्टी असते, मूस असते, टाकणखाराची पुडी आणि तेजाबाची बाटली असते. मोडीत आलेले दागिने आटवायचे, तांबं-चांदी वेगळी काढून सोन्याची लगड परत द्यायची, टंच सांगायचा, सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची आणि ती धुऊन-जाळून तिच्यातून गुंजभर सोनं मिळवायचं, या धंद्याला गलाई म्हणतात. देशातल्या बहुतेक सगळ्या सराफ्यांत तो करणारी माणसं एकाच पट्ट्यातून गेलेली आहेत. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ हे तालुके आणि साताऱ्यातले माण, खटाव. सगळा मुलूख पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारा. शेतीत भागेना म्हणून कुणी एक गेला, त्याने भावाला नेलं, भावाने मेव्हण्याला. 1972 च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आज खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या आसपास असं घर शोधावं लागेल ज्याचा कुणी ना कुणी परमुलखातल्या सराफ्यात नाही. जबलपूरही त्या वाटेवर येतं.

या माणसांवर लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक वेळा कौतुकाचं. कसे गेले, कसे टिकले, गावाकडे बंगले कसे बांधले, जत्रेला गाड्या भरून कसे येतात. पुढच्या पानांचा विषय त्यांच्या मुलांचा आहे, आणि त्यातही एकाच प्रसंगाचा. मूल बारावी होतं, कॉलेजचा अर्ज भरायला बसतं, फीची सवलत किंवा शिष्यवृत्ती मागतं, आणि पडद्यावर पहिला रकाना येतो तो रहिवासाचा. तोपर्यंत त्याला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

पूर्वी फारसं बिघडत नव्हतं. मुलगा सोळाव्या वर्षी भट्टीवर बसायचा, दाखल्याशी त्याचा संबंध यायचा नाही. आता टंच यंत्र सांगतं, जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे, तेजाबाच्या धुराने बापाची छाती भरलेली आहे, आणि बाप म्हणतो की पोराने शिकावं. म्हणजे घराण्यातली पहिली पिढी कॉलेजच्या दारात उभी राहते तेव्हाच तिला कळतं की मदतीसाठी आपण नक्की कुणाचे हे अजून ठरलेलं नाही. उत्पन्न जबलपूरचं, शाळा जबलपूरची, जातीचा पुरावा विट्याच्या तहसिलात, सातबारा आजोबांच्या नावावर.

दोन्ही राज्यांचे नियम शेजारी ठेवून पाहिले की अडचण स्पष्ट होते. मध्यप्रदेश सरकारने 2017 मध्ये मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आणली. राज्याच्या मंडळातून बारावीला 70 टक्के, केंद्रीय मंडळातून 85 टक्के, आणि उत्पन्नाची मर्यादा पाळली तर उच्च शिक्षणाची फी सरकार भरतं. अट एकच मोठी, विद्यार्थी मध्यप्रदेशचा मूल निवासी हवा. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे आणि 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. त्यासाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला राज्यात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. वैद्यकीयच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच हवी. जबलपूरला शिकलेल्या मुलीसाठी हे दार तिथेच बंद होतं, तिची आई घरात कितीही मराठी बोलत असो.

मग तिने मध्यप्रदेशची व्हावं. व्हायला हरकत नाही, पण गलाईच्या घराची वस्ती कागदावर सापडत नाही. खोली पोटभाड्याने, वीजबिल मालकाच्या नावावर, बाळंतपणाला आई माहेरी गेलेली म्हणून जन्मनोंद आटपाडीची, मतदान गावाकडे, कारण सरपंचाच्या निवडणुकीला एक मतही महत्त्वाचं. रेशनकार्ड गावाला ठेवलेलं, कारण म्हातारी तिथे आहे. माणूस वीस वर्षं एका शहरात राबतो आणि त्या शहरात असल्याचा पुरावा जमवायचं त्याच्या मनातच येत नाही, कारण त्याच्या हिशेबात तो परत जाणार असतो.

परदेशात याच प्रश्नावर सुमारे पन्नास वर्षं भांडण चालू आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आपलं भांडण नीट दिसत नाही. अमेरिकेत टेक्सासने 1975 मध्ये कायदा केला की ज्या मुलांकडे देशात राहण्याचे कागद नाहीत त्यांच्या शाळेसाठी राज्य पैसे देणार नाही. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने, प्लायलर विरुद्ध डो खटल्यात तो कायदा रद्द केला. आईबापाच्या कृत्याची शिक्षा मुलाला देता येत नाही, असा निकालाचा रोख होता. पण तो निकाल बारावीपर्यंतचा. कॉलेजबद्दल न्यायालयाने काही सांगितलं नाही, आणि नंतरची सगळी लढाई त्याच मोकळ्या जागेत झाली. 1996 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांचे हात बांधले. 2001 मध्ये टेक्सासनेच वाट काढली. तीन वर्षं राज्यात राहून इथली शाळा पूर्ण केली असेल तर स्थानिक फी, आणि राज्याची आर्थिक मदतही. सही करणारा राज्यपाल रिक पेरी रिपब्लिकन होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने फीपुरती सवलत दिली आणि मदतीची दारं 2011 मध्ये उघडली. ॲरिझोनाने 2006 मध्ये मतदानाने सवलत काढून घेतली आणि 2022 मध्ये मतदानानेच परत दिली. आणि जून 2025 मध्ये केंद्र सरकारने टेक्सासवर दावा लावला, राज्य सरकारने बचाव न करता मान्यता दिली, आणि चोवीस वर्षांचा कायदा काही तासांत निकालात निघाला. कॉलेजमध्ये अर्ध्या वाटेवर असलेल्या मुलांची फी एका सत्रात वाढली.

ही तुलना किती ताणायची हे आधीच सांगितलेलं बरं. जबलपूरच्या बोळातला गलाईवाल्याचा मुलगा या देशाचा नागरिक आहे. त्याला कुणी हद्दपार करणार नाही, रेल्वेत चढताना त्याच्या पोटात गोळा येत नाही. कागद नसलेल्या मेक्सिकन मुलाचं भय त्याच्या वाट्याला नाही आणि ते उसनं घेऊन आपण आपलं रडगाणं मोठं करू नये. त्याच सराफ्यातल्या बंगाली कारागिराच्या पोराचं तसं नाही. मराठी माणसाला फार तर परप्रांतीय म्हणतात, त्याला मात्र परदेशी ठरवण्याची घाई अनेकांना असते. जुळतं ते एवढंच, की शाळेपर्यंत दार उघडं आणि कॉलेजला बंद. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायदा वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवू देत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये रोहिंग्या मुलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही मुलांनी आधी शाळेत अर्ज करावा, नाकारलं तर उच्च न्यायालयात यावं, असंच सांगितलं. चौदाव्या वर्षापर्यंत मूल हे मूल असतं. अठराव्या वर्षी ते कुठल्या तरी राज्याच्या तिजोरीवरचा बोजा होतं.

तिजोरीचा हा युक्तिवाद भारतात पहिल्यांदा गाजला तो मध्यप्रदेशच्याच मातीत, इंदूरला. तेव्हाच्या मध्य भारत राज्यात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाने राज्यातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ केली आणि बाहेरच्यांना लावली. दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. जानेवारी 1955 मध्ये चार विरुद्ध एक मताने निकाल गेला तो राज्याच्या बाजूने. घटना जन्मस्थानावरून भेद करू देत नाही, पण रहिवास म्हणजे जन्मस्थान नव्हे, आणि जे राज्य पैसा खर्च करतं त्याने आपल्या रहिवाशांना झुकतं माप दिलं तर ते गैर नाही. पुढे 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी भारतात अधिवास एकच, देशाचा, असं ठणकावलं आणि तरीही एमबीबीएसपुरतं रहिवाशांचं आरक्षण राहू दिलं. जानेवारी 2025 मध्ये तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीयसाठी ते घटनाबाह्य ठरलं. म्हणजे सत्तर वर्षांत न्यायालय हळूहळू सरकत आलं आहे, पण पदवीच्या पहिल्या पायरीवर राज्याचा कुंपणाचा हक्क अजून शाबूत आहे.

जबलपूरच्या बाबतीत या कुंपणाला एक वेगळाच इतिहास आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. 1817 पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. 1861 पासून नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि जबलपूरची कॉलेजं त्याच्या छत्राखाली गेली. स्वातंत्र्यानंतरही 1956 पर्यंत मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. जबलपूरचा मुलगा नागपूरला वकिली शिकायला जायचा तेव्हा तो आपल्याच राज्याच्या राजधानीत जायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं, आणि कुणी घर न बदलता दोन्हीकडचे नातेवाईक परप्रांतीय झाले. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांना याचा त्रास झाला नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या तिथली, त्यांचे कागद पक्के. अडकतात ते नंतर आलेले.

आणि त्यातही सर्वांत जास्त अडकतात ते दलित आणि आदिवासी. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा, जमातींचा 6 सप्टेंबर 1950 चा. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला हे मानीव दिनांक तोंडपाठ असतात. विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवशी घराणं राज्यात होतं हे दाखवायचं. मध्यप्रदेशात इतर मागासवर्गाची तारीख 26 डिसेंबर 1984. आता नागपूरचं एखादं महार कुटुंब समजा. 1960 च्या सुमारास रेल्वेच्या किंवा दारूगोळा कारखान्याच्या कामाला जबलपुरात आलेलं. महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि मध्यप्रदेशच्याही. 10 ऑगस्ट 1950 ला नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरं एकाच मध्यप्रदेशात होती. तरी आजचा नियम तेव्हाचं घर आजच्या नकाशावर शोधतो, आणि ते घर त्याला महाराष्ट्रात सापडतं. नातवाला दाखला तिकडचा, शिष्यवृत्ती तिकडची, शाळा इकडची.

हा नियम पक्का केला तो मुंबईतल्या एका खटल्याने. आंध्रात तेनालीला जन्मलेला, अनुसूचित जमातीतला मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईत आला. वडील सरकारी खत कारखान्यात, जमातीच्या राखीव जागेवर. मुलगा मुंबईत शिकला आणि वैद्यकीयला राखीव जागा मागितली. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की घटनेच्या 341 आणि 342 कलमांत यादी ‘त्या राज्याच्या संबंधात’ आहे. एका राज्यात मागास असलेला समाज दुसऱ्या राज्यात तसाच असेल असं नाही. 1994 मध्ये महाराष्ट्रात आलेल्यांच्या जातप्रमाणपत्रांसाठी लढणाऱ्या कृती समितीच्या प्रकरणात घटनापीठाने तेच कायम केलं आणि 2018 मध्ये बीरसिंग खटल्यात आणखी एका घटनापीठाने. महाराष्ट्राने आत येणाऱ्यांसाठी जे कुंपण न्यायालयात टिकवलं, तेच बाहेर गेलेल्या मराठी माणसाला शेजारच्या राज्यात आडवं येतं. याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

कुंपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हसण्यावारी नेता येत नाही. मागासपण स्थानिक असतं हे खरं आहे. एखादी जात एका जिल्ह्यात जमीनदार आणि दुसऱ्या जिल्ह्यात वेठबिगार असू शकते. बोगस दाखल्यांचा सुळसुळाट महाराष्ट्राने इतका पाहिला की 2001 चा 23 क्रमांकाचा जातपडताळणी कायदा करावा लागला. आणि मंडला, डिंडोरीच्या गोंड-बैगा मुलांचा वाटा आधीच तोकडा आहे. जबलपूरच्या वसतिगृहातली खाट गोंडाच्या मुलीला द्यायची की सराफ्यातल्या मराठ्याच्या मुलाला, असा प्रश्न कुणी समोर ठेवला तर माझं उत्तर पहिलीच्या बाजूने असेल. पण तो प्रश्न आरक्षणाचा आहे. फीच्या सवलतीत आणि गरिबीच्या शिष्यवृत्तीत एकाला दिल्याने दुसऱ्याची जागा जात नाही, फक्त खर्च वाढतो. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की सगळ्यात सोयीचं उत्तर निघतं आणि कुणालाच काही मिळत नाही. अमेरिकेतही नेमकं हेच झालं. स्थानिक फी, राज्याची मदत, केंद्राचं अनुदान, नागरिकत्व, सगळं एका घोषणेत कोंबलं गेलं.

कुंपणात फटी ठेवता येतात हेही आपल्या राज्यांना चांगलं ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात उमेदवारांचे प्रकार पाडलेले असतात. त्यातला ‘ई’ प्रकार कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागासाठी आहे. तिथे राहणारा, तिथेच दहावी-बारावी झालेला, मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राचाच धरला जातो. 865 गावांवर राज्याचा दावा आहे, म्हणून हात पुढे केला. बेळगावच्या मुलाला मिळतं ते जबलपूरच्या मुलाला का नाही, याचं कारण राजकीय आहे. शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. जबलपूरवर कुणाचा दावा नाही. झारखंडच्या बाबतीत 2021 मध्ये पंकज कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितलं की राज्य फुटलं तर माणूस दोन्हीपैकी एका राज्यात आरक्षणाचा हक्क मागू शकतो, दोन्हीकडे नाही. एकदा निवड करू द्या, इतकी साधी गोष्ट. निवड नसली की काय होतं ते पाहायला मराठ्यांच्या आरक्षणाचा 2024 चा कायदा घ्या. विट्याला राहिलेल्या भावाची मुलं त्यात बसतात, सराफ्यातल्या भावाची मुलं मध्यप्रदेशात तो कायदा दाखवू शकत नाहीत. तिथे दुसरा काही आधार असला तर असला.

परदेशातल्या मराठी घरांचं एक प्रकरण इथे मुद्दाम आणतो, कारण ते कागदपत्रं चोख असणाऱ्यांचं आहे. एच-वन व्हिसावर गेलेल्या संगणक अभियंत्याचं मूल तिसऱ्या वर्षी अमेरिकेत जातं, सगळी शाळा तिथे होते, ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर दशकानुदशकं येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी ते मूल आईबापाच्या व्हिसातून बाहेर पडतं. 2012 मध्ये ओबामांनी कागद नसलेल्या मुलांना डाका योजनेचं संरक्षण दिलं, त्यात अट होती की त्या वर्षीच्या 15 जूनला अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा नसावा. नियम पाळणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाचं मूल त्या अटीमुळेच बाहेर राहिलं. डेट्रॉइट किंवा न्यू जर्सीतल्या अशा पालकांशी बोललं की ते पहिल्यांदा ‘बेकायदा’ लोकांवर चिडतात, आणि थोड्या वेळाने कळतं की त्यांची मागणी शब्दशः तीच आहे. मुलाने जिथे शाळा केली तिथला म्हणून त्याची गणना व्हावी.

माझंही मत तेच आहे, आणि पुढचे लेख त्या मताशी सगळे सहमत नाहीत. मदतीसाठी रहिवास मोजायचा तर तो शाळेच्या वर्षांनी मोजावा. आजोबा 1950 ला कुठे होते याचा शोध आरक्षणापुरता ठेवावा, फीमाफीच्या अर्जाला तो कशाला? अमुक इतकी वर्षं या राज्यातल्या शाळेत शिकला, इथली परीक्षा उत्तीर्ण झाला, घरचं उत्पन्न इतकं. टेक्सासने 2001 मध्ये जवळपास एवढंच विचारलं होतं. यावर ‘पुरावा कोण देणार’ हा आक्षेप येतो, आणि आता त्याला अर्थ उरलेला नाही. देशातली प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा आपल्या विद्यार्थ्यांची नोंद यूडायस या देशव्यापी शालेय माहिती प्रणालीवर दरवर्षी करते. मध्यप्रदेशात रहिवाशांच्या नोंदणीच्या समग्र क्रमांकाशिवाय सरकारी योजनेचा अर्जही पुढे सरकत नाही. सराफ्यातल्या मुलीने पहिली ते बारावी कुठल्या शाळेत काढली हे सरकारला ठाऊक आहे, तिच्या आईच्या ट्रंकेतल्या कागदांपेक्षा जास्त खात्रीने. तेच सरकार तिला घरमालकाचं शपथपत्र आणायला पाठवतं, आणि घरमालक ते देत नाही, कारण पोटभाडेकरू ठेवल्याचं त्याला कागदावर आणायचं नसतं.